सहाची चकती, साडेसहाचा गोल: लाँगआर्मवरच्या गोधडीसाठी साचे निवडताना

लाँगआर्म, म्हणजे फ्रेमवर ताणलेल्या गोधडीवर फिरवून टिपा घालायचं लांब दांड्याचं मशीन, घेतल्यावर पहिल्याच वर्षी माझ्याकडे एका मुलीच्या रुखवताची गोधडी आली. रुंदी ५४ इंच आणि वरच्या पट्टीत एकमेकांना टेकलेले ६ इंचांचे नऊ गोल. नऊ सक चोपन्न, हिशेब पाढ्यातलाच. मी साचा म्हणून ६ इंचांची ॲक्रिलिकची चकती मागवली, गोधडी फ्रेमवर चढवली आणि डावीकडून टिपा घालत निघाले. आठवा गोल संपला तेव्हा उजव्या कडेला जेमतेम दोन इंच उरले होते. पुढचे दोन दिवस उसवण्यात गेले. चकती मोजली तर बरोब्बर सहा. गोल मोजले तर प्रत्येक साडेसहा.

जळगावात लाँगआर्म मशीन घरी असलेले लोक फारसे नाहीत, त्यामुळे शेजारी जाऊन विचारावं अशी सोय मला नव्हती. ज्यांनी नुकतं मशीन घेतलंय किंवा घ्यायच्या विचारात आहेत, त्यांनी माझ्यासारखं उसवत बसू नये म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी मशीनचा फूट मोजा, मग साचा बघा

लाँगआर्मवर कापड रोलरवर ताणलेलं असतं आणि जागचं हलत नाही. रुळांवर फिरतं ते मशीन. डाव्या हाताने साचा कापडावर दाबून धरायचा आणि उजव्या हाताने मशीन असं न्यायचं की सुईभोवतीचा हॉपिंग फूट, म्हणजे कापड दाबणारा धातूचा पाय, साच्याच्या कडेला चिकटून चालेल. कडेला लागतो तो फूट. सुई असते फुटाच्या मधोमध. बहुतेक लाँगआर्मच्या रूलर फुटाचा, म्हणजे साच्याला टेकून चालणाऱ्या या फुटाचा, बाहेरचा व्यास अर्धा इंच असतो, म्हणून टीप साच्यापासून पाव इंच लांब पडते. आपल्याकडचे सुतार त्याला दोन सूत म्हणतील. चकतीच्या बाहेरून फिरलात तर दोन्ही अंगांनी पाव-पाव मिळून गोल अर्ध्या इंचाने वाढतो. साच्यातल्या भोकाच्या आतून फिरलात तर तेवढाच घटतो. शिवलेला गोल ६ इंचांचा हवा असेल तर बाहेरून फिरायला साडेपाचची चकती लागेल, आतून फिरायला साडेसहाचं भोक.

तुमच्या फुटाचं अंतर मात्र स्वतः तपासा. जाड रद्दी कापड फ्रेमवर लावा. बरोबर ३ इंच रुंदीची सरळ पट्टी त्यावर ठेवून पेन्सिलीने तिच्या दोन्ही कडा आखून घ्या. पट्टी न हलवता आधी एका कडेने टीप मारा, मग दुसऱ्या कडेने. दोन टिपांमधलं अंतर साडेतीन इंच भरलं तर तुमचा हिशेब पाव इंचाचा. आता प्रत्येक टीप तिच्या पेन्सिलरेषेपासून किती लांब आहे ते वेगवेगळं मोजा. एकीकडे अंतर जास्त आणि दुसरीकडे कमी आलं, तर फूट सुईभोवती मधोमध बसलेला नाही. तो नीट बसवल्याशिवाय कितीही महाग साचा आणा, गोल जुळताना एका बाजूला पायरी पडणारच. हीच चाचणी पट्टी आडवी आणि उभी ठेवून दोन्हीकडे करा.

खरेदी करताना विक्रेत्याला एक प्रश्न न चुकता विचारायचा: लिहिलेलं माप साच्याचं आहे की शिवलेल्या गोलाचं? काही बनवणारे पहिलं लिहितात, काही दुसरं. माझी सहाची चकती खरंच सहाची होती, चूक माझ्या गृहीत धरण्याची.

जाडी: इथे काटकसर नको

लाँगआर्मला ६ मिलिमीटर जाडीचाच साचा लागतो. यात घासाघीस नाही. हॉपिंग फूट प्रत्येक टाक्याला वर उचलला जातो आणि खाली येतो. साचा पातळ असेल तर फूट वर असताना त्याच्या खाली साच्याची कड सरकते, आणि पुढचा टाका ॲक्रिलिकवर बसतो.

माझ्याकडे हे झालंय. एका ऑनलाइन विक्रेत्याने ‘सर्व मशीनला चालेल’ असं लिहून ३ मिलिमीटरची कमान, म्हणजे गोलाच्या एका तुकड्याचा साचा, पाठवली होती. तीन गोल छान झाले, चौथ्याला कट्कन आवाज आला. सुईचं टोक अर्ध्या खोलीत उडालं, सुई आणि खालच्या शटलचं जुळलेलं टायमिंग गेलं. मेकॅनिक भुसावळहून यायला चार दिवस लागले. तेव्हापासून नवीन साचा आला की आधी जाडी मोजायची व्हर्नियर पट्टी लावते. बाजारात ६ म्हणून मिळणारी शीट प्रत्यक्षात थोडी कमी भरू शकते. साडेपाचपर्यंत मी चालवून घेते, त्याखाली नाही.

३ मिलिमीटरचे साचे खोटे नसतात. ते घरगुती, बुटक्या दांड्याच्या शिलाई मशीनसाठी असतात. तिथे साचा आणि कापड दोन्ही हाताने सरकवायचं असतं, आणि त्यांचा रूलर फूटही वेगळा येतो. तुमच्याकडे तसं मशीन असेल तर त्याच्या फुटाला कोणती जाडी चालते ते विचारूनच साचा घ्या. पण कोणत्याही मशीनच्या नेहमीच्या चपट्या फुटाने साच्याला टेकून शिवायचं नाही.

फुटाची उंचीही बघून ठेवा. सुई अगदी खाली असताना फूट आणि गोधडी यांच्यात व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकावं. आपली जुन्या लुगड्यांची चार-पाच पदरी गोधडी आणि दुकानातल्या वॅडिंगचं, म्हणजे तयार भरावाचं, पातळ क्विल्ट यांत बराच फरक असतो, त्यामुळे प्रत्येक नव्या कामाला हे पुन्हा जुळवावं लागतं. फूट गरजेपेक्षा वर राहिला तर ६ मिलिमीटरचा साचाही खाली घुसू शकतो.

रूलर बेस: साच्याच्याही आधीची खरेदी

साचा दाबायला खाली काहीतरी टणक हवं. मशीनच्या खालच्या दांड्यावर, सुईच्या पाटीभोवती बसणारा रुंद पाट मिळतो, तो रूलर बेस. तो नसेल तर बोट टेकवलं की कापड झोळीसारखं खाली जातं आणि साचा कलतो.

एक गोष्ट मला उशिरा कळली. बेस मशीनला जोडलेला असतो, म्हणून मशीनबरोबर तोही फिरतो. साचा मात्र कापडावर जागच्या जागी. तुम्ही गोलाच्या उजव्या टोकाला पोचता तेव्हा बेसही उजवीकडे गेलेला असतो, आणि साच्याची डावी बाजू लोंबत्या कापडावर. त्यामुळे मोठी चकती दाबायची तर मधे नाही, फुटाच्या जवळ दाबायची. १० इंची चकतीच्या मधोमध तळवा ठेवला की तिची कड वर उचलली जाते. मोठ्या गोलांसाठी अख्ख्या चकतीपेक्षा कमान बरी, असं मी म्हणते त्याचं मोठं कारण हेच.

कोणत्या गोलाला कोणता साचा

छोटे गोल, म्हणजे शिवून झाल्यावर साधारण ३ इंचांपर्यंतचे: यांना भोकांची पाटी घ्या. एक इंचाचा गोल चकतीने करायचा तर चकती अर्ध्या इंचाची लागेल, शर्टाच्या बटणापेक्षा फारशी मोठी नाही. ती धरणार कशी, आणि बोट सुईपासून वाचवणार कसं? पाटीत तोच गोल दीड इंचाच्या भोकात होतो. बोटं भोकाभोवतीच्या रुंद जागेवर टेकतात, आणि फूट आतच कोंडलेला असल्याने भरकटत नाही. नवशिक्यांनी इथूनच सुरुवात करावी.

पाटी घेताना फूट आत जाणार कसा हे आधी बघा. बंद भोक असेल तर सुई पूर्ण वर घेतल्यावर फूट ६ मिलिमीटरपेक्षा जास्त उचलला जातो का ते पाहा. जात नसेल तर कडेपासून भोकापर्यंत चीर असलेली पाटी घ्या. चीर फुटापेक्षा थोडी रुंद हवी, नाहीतर तो अडकतो. चिरेपाशी फुटाला आधार नसतो, तिथे गोल चेपल्यासारखा होतो. म्हणून चिरेच्या अलीकडे थांबायचं, सुई कापडात ठेवून पाटी भोकाच्या मध्याभोवती थोडी फिरवायची आणि उरलेला तुकडा पूर्ण करायचा.

मधले गोल, ४ ते ६ इंच: चकती चालते, पण तिला वर मूठ हवी किंवा निदान खाली पकड.

त्याहून मोठे: कमान. एका कमानीत वर्तुळाचा तिसरा किंवा चौथा हिस्सा असतो. तो शिवायचा, थांबायचं, कमान पुढे सरकवायची. जोडावर हात सफाईने चालायला महिना जातो, हे आधीच सांगते. पण कमानीला दोन कडा असतात. बाहेरची फुगीर, आतली खोलगट. दोन्ही वापरता येतात, म्हणून एकाच तुकड्यात दोन मापं मिळतात.

वीस-पंचवीस तुकड्यांचा संच दिसायला मोहक असतो. माझ्याकडे आहे. त्यातले चार वापरते. पहिल्या खरेदीला एक भोकांची पाटी, ८ ते १२ इंचांच्या गोलाला चालेल अशी एक कमान आणि एक सरळ पट्टी पुरे.

मध्याला खिळून फिरणारी हत्यारं

कंपाससारखं एक साधन मिळतं. एक टोक गोलाच्या मध्यावर टेकवायचं, दुसऱ्या टोकाच्या कड्यात फूट बसतो, आणि पट्टीवर ठरावीक अंतरावर भोकं असतात. यात फूट कड्याच्या मधोमध असल्याने पाव इंचाची वजाबाकी करावी लागत नाही. भोकावर लिहिलेली त्रिज्या तीच टिपेची त्रिज्या. एका मध्याभोवती पाच-सहा वर्तुळं काढायची तर याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही. अडचण मध्याची आहे. तो टेकतो कापडावर, आणि कापड ढिलं असेल तर मध्यच सरकतो. गोल अर्धवट असताना मध्य दोन सूत सरकला की शेवटाला टोकं भेटत नाहीत. घ्यायचंच असेल तर मध्याचा तळ रुंद आणि रबरी असलेलं घ्या.

दुसरी जात खाचांच्या बोर्डांची. हँडी क्विल्टरचे ग्रूव्ही बोर्ड्स हे त्याचं प्रसिद्ध उदाहरण. बोर्डावर नक्षीच्या खाचा असतात, मशीनला जोडलेली सळई त्या खाचेतून फिरते आणि सुई तसंच काढते. साचा हाताने धरावा लागत नाही. पण मापं ठरलेली, आणि तुमच्या मशीनला सळईची सोय हवी. एकाच नक्षीच्या पन्नास गोधड्या करणाऱ्याला परवडेल. माझ्याकडे प्रत्येक गोधडी वेगळी येते, मी घेतला नाही.

मशीनमध्ये मावेल तेवढाच गोल

मशीन १८ इंच थ्रोटचं (थ्रोट म्हणजे सुईपासून मागच्या खांबापर्यंतची जागा) म्हणून विकलं जातं, पण पुढेमागे काम करायला तेवढी जागा मिळत नाही. माझ्या १८ इंचीवर सुरुवातीला १४ इंच हाती लागतात. शिवलेली गोधडी मागच्या रोलरवर गुंडाळत जाते तसा तो फुगतो, आणि जाड गोधडीत शेवटाला ११ इंच राहतात. साचा निवडताना हा शेवटचा आकडा धरा.

त्यातही भोकाची पाटी गोलापेक्षा मोठी असते. १० इंचांच्या गोलाला साडेदहाचं भोक, त्याभोवती दीड-दीड इंचाची कड, म्हणजे साडेतेरा इंच जागा गेली. चकती किंवा कमान गोलाच्या आत बसते, म्हणून तोच गोल ११ इंचांत मावतो. त्याहून मोठा गोल हवा असेल तर वरचा अर्धा शिवून, गोधडी गुंडाळून, खालचा अर्धा करायचा. त्यासाठी कमानच लागते, आणि मध्यातून जाणाऱ्या खडूच्या रेषा आधी कापडावर हव्यात.

संत्र्याच्या फोडींची नक्षी

चौकडीच्या प्रत्येक घरात चार पाकळ्या दिसणारी नक्षी सगळ्यांना आवडते. इथे हमखास चुकतं ते असं: घर ४ इंचांचं म्हणून ४ इंचांच्या गोलाची कमान घेतली जाते. पण इथला गोल घराच्या चारही कोपऱ्यांतून जातो, म्हणून त्याचा व्यास घराच्या कर्णाइतका. बाजू गुणिले १.४१४. ४ इंचांच्या घराला ५.६६ इंचांचा गोल. त्यातून फुटाचा अर्धा इंच वजा केला की फुगीर कडेने शिवायला ५.१६ इंच व्यासाची कमान, आणि खोलगट कडेने शिवायला ६.१६ ची. ३ इंचांच्या घराला गोल ४.२४ चा, फुगीर कड ३.७४ ची. हे आकडे भिंतीवर लिहून ठेवा. दुकानदाराशी बोलताना उपयोगी पडतात.

एक गोल, सुरुवातीपासून शेवटापर्यंत

कापड फार ताणू नका. खालून बोट वर दाबलं तर वरून ते चिमटीत धरता आलं पाहिजे. तबल्यासारखं ताणून शिवलेला गोल फ्रेमवरून उतरवला की अंडाकृती होतो, आणि तेव्हा साच्याला दोष देऊन उपयोग नसतो.

मध्यावर खडूने फुली काढा. साच्यावरच्या कोरीव रेषा त्या फुलीवर जुळवा. ज्या साच्याला मध्यरेषा नाहीत तो कितीही स्वस्त असला तरी मी घेत नाही.

सुई खाली-वर एकदा चालवून बॉबिनचा दोरा वर ओढून घ्या. दोन्ही दोरे धरून चार-पाच बारीक टाके एकाच जागी घाला. सुरुवात शक्यतो दुसरी टीप भेटणार असेल तिथून करा, म्हणजे जोड तिच्यात लपतो.

आता डावा हात. बोटं पसरून साच्यावर, पण कोणतंही बोट कडेबाहेर नाही आणि फुटाच्या वाटेत नाही. मशीन साच्याकडे हलकं रेललेलं ठेवायचं. जोरात रेललात की साचा सरकतो, सैल सोडलंत की टीप बाहेर पळते. घड्याळाच्या तीन आकड्यांएवढं शिवलं की सुई कापडात ठेवून थांबा, बोटांची जागा बदला, रेषा पुन्हा जुळवा. थांबल्याशिवाय अख्खा गोल काढायचा मोह पहिल्या महिन्यात तरी आवरा. शेवटी सुरुवातीच्या टाक्यांवरून तीन-चार टाके पुढे जाऊन बारीक टाक्यांनी बंद करा.

टोकं भेटली नाहीत तर फरक कुठे आहे ते बघा. फट गोलाच्या आत-बाहेर असेल तर साचा सरकला. प्रत्येक गोलात त्याच बाजूला असेल तर फूट मधोमध नाही. आणि आमच्याकडच्यासारखी गोलाच्या मधेच वीज गेली, तर सुई हाताने कापडात उतरवून ठेवा, साच्याभोवती खडूने आखून घ्या आणि मगच चहा करायला उठा.

जळगावातच कापून घ्यायचा तर

बाहेरचे साचे महाग पडतात, शिवाय आपलं माप त्यांच्याकडे असतंच असं नाही. नेमप्लेट आणि पाट्या बनवणाऱ्या दुकानांत लेझर कटिंग होतं. कोरलड्रॉ या सॉफ्टवेअरमध्ये मापासह आकृती करून न्या. ६ मिलिमीटरची पारदर्शक कास्ट ॲक्रिलिक शीट मागा. तिच्यावर कोरलेल्या रेषा दुधाळ उमटतात आणि गडद कापडावर स्पष्ट दिसतात. रेषा साच्याच्या खालच्या बाजूला, म्हणजे आकडे उलटे कोरून घ्या. रेष कापडाला टेकलेली असली की वरून तिरकं बघितलं तरी माप चुकत नाही. वरच्या बाजूला कोरलेली रेष ६ मिलिमीटर उंचावर असते, आणि डोकं हललं की तीही हलल्यासारखी वाटते. कडा बोटाने तपासून बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून फिरवा.

आपल्याकडे पाइपांचा धंदा मोठा, पीव्हीसी घरोघरी. म्हणून कुणी पीव्हीसीची शीट लेझरने कापायला सांगेल, तर तसं करू नका. तिच्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो, तो माणसाला आणि मशीनला दोघांना वाईट. मी ११० मिलिमीटरच्या पाइपाचं कडं करवतीने कापून साचा म्हणून वापरून पाहिलं होतं. ११० हे पाइपाचं बाहेरचं माप असतं, त्यामुळे हिशेब सोपा होता. पण कापताना कड तिरकी गेली, मध्य दिसत नव्हता, कडं डुगडुगत होतं. हात बसवायला ठीक, कामाला नाही. बांगडी, वाटी, डब्याचं झाकण यांना तर फूट लावूच नका. गोलसर कडेवरून तो सरळ वर चढतो.

माझी पारोळ्याची आजी हे सगळं बघून म्हणाली होती, “गोल काढाले कशाले लागस साचा? ताट ठेव नि फिराव.” तिचं खोटं नाही. ताट ठेवून खडूने आखायचं आणि मोकळ्या हाताने रेषेवरून शिवायचं, ही पद्धत लाँगआर्मवरही चालते. मांड्याच्या खापराएवढे मोठे गोल मी आजही आधी परातीनेच आखते.

पकड आणि निगा

साच्याच्या खाली पकड हवीच. बारीक पॉलिश पेपरचे गोल तुकडे किंवा पारदर्शक सिलिकॉनच्या टिकल्या, तीन-चार ठिकाणी, पण कडेपासून आत आणि कोरीव रेषांवर नाही. पॉलिश पेपर सुती लुगड्यावर छान धरतो, रेशमी काठावर मात्र धागे ओढतो. तिथे सिलिकॉन लावा.

साचे पुसायला स्पिरिट, थिनर किंवा सॅनिटायझर घेऊ नका. लेझरने कापलेल्या कडेला त्याने केसासारख्या चिरा पडतात. साबणाचं पाणी आणि मऊ फडकं पुरेल. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये साचे वितळतील अशी काळजी मला बरेच जण विचारतात. वितळत नाहीत. तापमान २५ अंशांनी वाढलं तरी १२ इंचांची पट्टी फक्त अर्ध्या मिलिमीटरने लांब होते. पण उन्हाळाभर भिंतीला तिरकी टेकवून ठेवलेली लांब कमान बाक धरते, आणि बाक धरलेला साचा कापडावर सपाट बसत नाही. म्हणून मोठे तुकडे आडवे, सपाट फळीवर ठेवायचे. टांगायचेच असतील तर भोकातून सरळ उभे.